पिन बसली म्हणजे करंट जुळला का?

मागच्या आठवड्यात कळमनुरीला एका लग्नात होतो. पंगत उठली, पान-सुपारी चालू होती आणि अमेरिकेहून सुट्टीला आलेला एक पोरगा रंगात येऊन किस्सा सांगू लागला. त्याची आई सहा महिन्यांसाठी तिकडं गेली. जाताना बॅगेत साड्यांच्या घडीत गुंडाळून घरचा मिक्सर घेऊन गेली. येसर करायचं, शेंगदाण्याची चटणी करायची, नातवाला इथल्यासारखं खाऊ घालायचं. तिथं पिन बसेना म्हणून अडॅप्टर लावला. बटण फिरवलं तर मिक्सर नुसता घरघरायला लागला. शेंगदाणे काही बारीक होईनात. आईनं वेग वाढवला, आणखी वाढवला, मग जळका वास आला आणि खालचं लाल बटण पडलं. "आपल्या लोकांना कितीही सांगा हो, गावठी ते गावठीच राहणार," असं म्हणून त्यानं किस्सा संपवला. सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मी पण हसलो.

रात्री गाडीवर हिंगोलीला येता येता मात्र डोकं फिरलं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीनं वाचा.

मी मोटारी भरणारा माणूस आहे. शेतातली पाच एचपीची मोटार असो की घरातला पंखा, जळालेली कॉइल काढायची आणि नवी भरायची, बावीस वर्षं हेच काम. त्यामुळं "जळालं" हा शब्द ऐकला की मला हसू येत नाही, मला विचारावं वाटतं की कशानं जळालं. आणि इथं ती आई गावठी होती म्हणून जळालं नाही. तिला जे सांगायला पाहिजे होतं ते कुणीच सांगितलं नाही म्हणून जळालं. पोरगा स्वतः इंजिनिअर. तिकडं त्याला सहा-सात वर्षं झालेली. आईनं फोनवर "मिक्सर आणू का" असं विचारलं तेव्हा त्यानं उत्तर काय दिलं? "कशाला आणतेस, तिकडं सगळं मिळतं." हे उत्तर नाही. "आई, तिकडं घरात १२० व्होल्ट असतात, आपला मिक्सर २३० चा आहे, चालणार नाही," हे उत्तर आहे. एवढं एक वाक्य बोलायला सहा वर्षांत जमलं नाही आणि लग्नात आईचा किस्सा करायला मात्र वेळ मिळाला.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सरळ सांगतो. आपल्याकडं घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिका-कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानात तर १००. युरोप, इंग्लंड, दुबई इथं आपल्यासारखंच २३० आणि ५०, फक्त प्लगचा आकार वेगळा. अडॅप्टर जो असतो, तीस-चाळीस रुपयांचा असो की पाकिटावर पृथ्वीचा गोल छापलेला हजाराचा असो, तो फक्त पिनचा आकार बदलतो. व्होल्टेज बदलत नाही. उसाच्या ट्रॉलीचा हुक दुसऱ्या ट्रॅक्टरला बसला म्हणजे त्या ट्रॅक्टरमध्ये ओढायची ताकद आली असं होत नाही, तसंच हे.

मग लोकांना असं वाटतं तरी का? माझ्या मते याचं मूळ मोबाईलच्या चार्जरमध्ये आहे. चार्जर उलटा करून बारीक अक्षरं वाचा, तिथं लिहिलेलं असतं, इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. म्हणजे तो जगात कुठंही चालतो, पिन बसवली की झालं. लॅपटॉपचंही तसंच. आपल्याकडून जो कुणी पहिल्यांदा बाहेर गेला त्यानं अडॅप्टर लावला, मोबाईल चार्ज झाला आणि त्याला वाटलं की ही करामत अडॅप्टरची. करामत चार्जरची होती. श्रेय मात्र अडॅप्टरला गेलं.

त्यात भर पडली आखातातून आलेल्यांची. दुबईला गेलेला माणूस सांगतो, "मी इथला मिक्सर नेला, तीन वर्षं वापरला, काही झालं नाही." खरंच सांगतो तो. दुबईत व्होल्टेज आपल्यासारखंच. पण ऐकणारा अमेरिकेला निघालेला असतो! सौदीत आणखी वेगळी गंमत. तिथं पूर्वी घरांत १२७ व्होल्ट असायचे, मग त्यांनी २३० कडं वळायचं ठरवलं, आणि हर्ट्झ ६०. उमऱ्याला जाताना चहाची किटली नेणाऱ्यांनी म्हणूनच जुन्या इमारतीत उतरलं की आधी विचारावं, मग पिन खोचावी.

किटलीचं गणित तर भारी आहे. तापणाऱ्या वस्तूत व्होल्टेज अर्धं झालं तर उष्णता अर्धी होत नाही, पाव होते. वर्गाचा हिशोब आहे तो. दहावीच्या विज्ञानात 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा आहे, तिथं हेच आहे. १५०० वॅटची आपली किटली अमेरिकेत लावली तर ४०० वॅटची होते. जळत नाही, पण चहाला बसलेला माणूस कंटाळून झोपी जातो. मिक्सरला मोटार असते, त्याचं वेगळं. मोटारीला पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही की तिचा जोर जातो, भांड्यात माल असेल तर ती अडकते, आणि अडकलेली मोटार फिरत नाही, नुसती तापते.

आणि हे आमच्या शेतकऱ्याला शिकवायचं? अहो, सेनगाव-औंढ्याकडचा कुठलाही शेतकरी घ्या. रात्री दोनला लाईट आली की तो आधी पॅनलवरच्या मीटरचा काटा बघतो. काटा खाली असेल तर स्टार्टरचं हिरवं बटण दाबत नाही, बसून राहतो. "व्होल्टेज नाही, मोटार जळंल," हे त्याला कुणी इंग्रजीत शिकवलेलं नाही. एक फेज गेला तर काय होतं ते त्याला माहीत असतं. डीपीवर लोड किती आला ते तो गुणगुणण्याच्या आवाजावरून ओळखतो. व्होल्टेज म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्याला कळणार नाही इतकं त्याला कळतं, कारण त्यानं त्याचे पैसे मोजलेत, माझ्याच दुकानात मोजलेत. त्याच शेतकऱ्याची बायको लेकाकडं मिक्सर घेऊन गेली तर ती गावठी? तिला एवढंच सांगा की "तिकडं कायमचं लो व्होल्टेज असतं." पुढचं ती समजून घेईल. मिक्सर ठेवून जाईल, वर तुम्हालाच विचारेल की मग तुम्ही तिकडं राहता कसे.

आता जे खरं सांगायचं आहे ते सांगतो. मिक्सर जळाला तर जळाला.

माझी थोरली वहिनी. दम्याचा त्रास आहे, वीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात ती लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेली. जाताना वाफेचं मशीन घेतलं, ज्याला नेब्युलायझर म्हणतात ते. नवीन घेतलं, मुद्दाम, प्रवासासाठी. दुकानदाराला तिनं स्वतः विचारलं, "हे अमेरिकेत चालंल का?" तो म्हणाला, "हा अडॅप्टर लावा मावशी, जगात कुठंबी चालतं." मशीनचे पैसे घेतले, अडॅप्टरचे घेतले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असं सांगणारा तो एकटा नाही.

तिसऱ्या आठवड्यात सर्दी झाली आणि रात्री दम लागला. घरात अकरा दिवसांची बाळंतीण, तिचं तान्हं लेकरू, जावई आणि ही. मशीन काढलं, औषध टाकलं, अडॅप्टर लावला, बटण दाबलं. मशीन गुंईऽऽ करत राहिलं. वाफ येईना. पोरीला वाटलं नळी तुंबली, नळी बदलली. औषध जास्त झालं असेल म्हणून कप रिकामा करून परत भरला. दुसऱ्या खोलीतल्या पॉइंटला लावून पाहिलं. या सगळ्यात वीस मिनिटं गेली. दम लागलेल्या माणसाची वीस मिनिटं म्हणजे काय असतं ते ज्यांच्या घरात दमा आहे त्यांनाच विचारा. जावयानं शेवटी ॲम्ब्युलन्स बोलावली. वहिनी वाचली. दवाखान्याचं बिल इथं लिहीत नाही, जावई हे वाचतात.

परत आल्यावर ती ते मशीन माझ्याकडं घेऊन आली. "भाऊजी, बघा बरं हे, फसवलं मला, खराब मशीन दिलं." मी माझ्या बोर्डाला लावलं. पहिल्या झटक्यात भरभरून वाफ. मशीन खराब नव्हतंच. उलटं केलं. तळाला लिहिलेलं होतं, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ.

आणि आता माझी लाज सांगतो. जायच्या आधी तेच मशीन माझ्या हातात आलं होतं. प्लग ढिला वाटतो म्हणून वहिनीनं आणून दिलं होतं. मी प्लग बदलून दिला, दहा मिनिटांत, चहा पीत पीत. दिवसभर मोटारींच्या नेमप्लेट वाचणारा मी. ग्राहकाची मोटार टेबलावर आली की प्लेट वाचल्याशिवाय तारेचा गेज ठरवत नाही. आणि घरच्या माणसाचं मशीन, जे अमेरिकेला चाललंय हे मला माहीत होतं, ते मी उलटं करून पाहिलं नाही. त्यामुळं लग्नातल्या त्या पोराला मी आज बोलतोय ते त्याच्यापेक्षा शहाणा म्हणून बोलत नाही.

पण दुकानदारांना मात्र मी बोलणार. जे सरळ "चालतं" म्हणतात त्यांना. तुम्हाला माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा, गिऱ्हाईक जात नाही त्यानं. मिक्सरला हो म्हणालात तर तीन-चार हजारांचं नुकसान. पण माणसाचा श्वास ज्यावर आहे त्या वस्तूला अंदाजानं हो म्हणायचं नसतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूबद्दल माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. खोटं सांगून माल विकला तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि त्याआधी १९१५ नंबरवर फोन करता येतो. वहिनीनं केलं नाही. पावतीच घेतली नव्हती, आपलं सगळं तोंडी. तुम्ही पावती घ्या आणि तिच्यावर "अमेरिकेत चालेल" हे त्याच्याच हातानं लिहून मागा. बघा कसा पेन थांबतो.

दुसरी गोष्ट लेबलची. पाकीटबंद वस्तूंवर जी माहिती छापायची त्याचे २०११ चे नियम आहेत. त्यात ही माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत द्या असं आहे. मराठीची सक्ती नाही. शिवाय अक्षरं एवढी बारीक की चष्म्यालाही चष्मा लागावा. अडॅप्टरच्या पाकिटावर एक ओळ मराठीत छापायला किती शाई लागते? "याने फक्त पिन बदलते, व्होल्टेज बदलत नाही." दुकानांच्या पाट्या मराठीत पाहिजेत म्हणून आपण केवढं रान उठवतो, उठवलंच पाहिजे. पण पाटी मराठीत आणि आतला धोक्याचा मजकूर इंग्रजीत, हे कुणाला कसं खटकत नाही?

आता काही जण कमेंटमध्ये येतीलच, म्हणून आधीच बोलून घेतो. "कन्व्हर्टर न्यायचा ना सोबत." नेता येतो. पण मिक्सर ओढेल असा खरा ट्रान्सफॉर्मर लोखंड-तांब्याचा असतो, पाच-सात किलो कुठंच गेले नाहीत. त्यापेक्षा तेवढी हळद न्या वसमतची. हलके, हातात मावणारे स्वस्त कन्व्हर्टर मिळतात ते बहुतेक नुसत्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात, मोटारीच्या किंवा सर्किटच्या वस्तूला ते लावू नका. आणि कन्व्हर्टरनं हर्ट्झ बदलत नाही ते वेगळंच. इंडक्शन शेगडी नेणाऱ्यांनी हेही ऐका की अमेरिकेतला साधा पॉइंट १५ अँपिअरचा, म्हणजे १२० गुणिले १५, झाले १८००. तुमची शेगडी २००० वॅटची. कितीही चांगला ट्रान्सफॉर्मर लावा, ब्रेकर पडणार. "अमेरिकेतल्या घरांत २४० पण असतं," असंही एखादा हुशार म्हणेल. असतं, कपडे वाळवायच्या मशीनला आणि शेगडीला. त्यातून वायर ओढून मिक्सर चालवायचा सल्ला देणाऱ्यानं आधी स्वतःच्या घरात करून दाखवावं. आपल्याकडं बोर्डात आगपेटीच्या काड्या घालून वायर खोचतात, त्याच जातीचा सल्ला आहे हा.

मिक्सरच पाहिजे असेल तर प्रीतीसारख्या आपल्याच कंपन्या तिकडच्यासाठी ११० व्होल्टचे मिक्सर बनवतात, तिकडंच घ्यायला लावा लेकाला. आईचं येसर खायचं तर एवढा खर्च जमंल त्याला.

उलट्या दिशेनं जे येतं ते तर आणखी वाईट. माझ्या दुकानात एक फळी आहे, तिच्यावर लेकरांनी प्रेमानं पाठवलेल्या वस्तू पडल्यात. अमेरिकेची कॉफीची मशीन, केस वाळवायचं यंत्र, जपानहून आलेला भाताचा कुकर. सगळे इथल्या २३० ला लावताच गेलेले. १२० ची तापणारी वस्तू इथं लावली की साडेतीन पटीपेक्षा जास्त तापते, १०० ची पाच पट. एका आजोबांना नातवानं गुडघे शेकायची विजेची पट्टी आणून दिली होती. नशीब की त्यांनी गुडघ्यावर घ्यायच्या आधी गादीवर ठेवून बटण दाबलं. गादीला भोक पडलं आणि खोलीभर धूर. ती पट्टी अंगावर असताना डोळा लागला असता तर? नातवाला फोन करून सांगितलं तर तो म्हणतो, "अरे हो की, माझ्या लक्षातच नाही आलं." त्याच्याही लक्षात आलं नाही आणि गावठी मात्र आजोबा.

जगात हे असं वेगवेगळं का, असं दुकानात पोरं विचारतात. कुणी एका जागी बसून ठरवलेलं नाही. एडिसननं १८८२ साली न्यूयॉर्कात ११० व्होल्टवर दिवे लावले, अमेरिका त्याच्या आसपास राहिली. युरोपनं पुढं दुप्पट व्होल्टेज घेतलं, तेवढ्याच तांब्यात जास्त वीज नेता येते म्हणून. जपानात तर एका देशात दोन कारभार. टोकियोनं जर्मन जनित्रं घेतली म्हणून तिकडं ५० हर्ट्झ, ओसाकानं अमेरिकन घेतली म्हणून ६०. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडं विजेचा तुटवडा पडला तेव्हा पश्चिमेकडची वीज पुरेशी देता येईना, कारण मध्ये बदलून घ्यायची सोयच थोडी. आपली गोल पिन इंग्रजांची. इंग्रजांनी १९४७ सालीच चौकोनी पिनचं नवं मानक काढलं, आपल्याला स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी. त्यांनी स्वतःची गोल पिन सोडली आणि आपण ती आजवर सांभाळून आहोत.

आणि एक आपल्या जिल्ह्याची गोष्ट. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो होतंय, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २६०० कोटींना मंजुरी दिली. त्यातले यंत्रांचे महत्त्वाचे भाग अमेरिकेतून येणार आहेत. म्हणजे तिकडच्या घरचं सामान आपल्या घरी. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनला जी लायगो आहेत, त्यांच्या नोंदींत विजेच्या लाईनची ६० हर्ट्झची गुणगुण उमटते. इटलीतल्या व्हर्गोत ५० ची उमटते. इथंही लाईन ५० चीच. ताऱ्यांची धडक ऐकणारं यंत्र, त्यालाही भिंतीतल्या विजेचा हिशोब धरावा लागतो. ते शास्त्रज्ञ "अडॅप्टर लावा, चालतं" म्हणत नाहीत. कुठली लाईन, किती हर्ट्झ, हे आधी विचारतात. ज्या जिल्ह्यात हे होतंय तिथल्या औषधाच्या दुकानात एवढा प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

ज्यांच्या घरातलं कुणी बाहेर चाललंय त्यांनी आजच वस्तू उलट्या करा. १००-२४० लिहिलेलं असेल तर बिनधास्त न्या. नुसतं २३० लिहिलेलं असेल तर कुठं चाललात ते बघा. वाफेचं मशीन असेल तर डॉक्टरांना विचारून सेलवर किंवा यूएसबीवर चालणारं छोटं मशीन मिळतं ते घ्या, नाहीतर लेकाला तिथलंच आधी आणून ठेवायला सांगा, विमानात बसायच्या आधी. पंपही जवळ ठेवा. वाचता येत नसेल, अक्षरं बारीक असतील, तर दुकानावर घेऊन या. वाचून सांगायचे मी पैसे घेत नाही. हिंगोलीतल्या बाकीच्या मिस्त्री मंडळींनीही एवढं करावं, टेबलावर आलेली वस्तू उलटी करायला काही पडत नाही.

वहिनी यंदा परत चाललीय, नात दोन वर्षांची होतेय. परवा पिशवी घेऊन दुकानात आली. त्यात नवीन मशीन, पायाला मसाज करायचं एक यंत्र, मोबाईलचा चार्जर आणि कुणीतरी दिलेली इलेक्ट्रिक किटली. चहा मागवायला निघालो तर म्हणाली, "चहा मागून. आधी सगळं उलटं करा भाऊजी, अन् मोठ्यानं वाचा."

किटली आणि मसाजचं यंत्र माझ्याकडंच ठेवून गेली.